गोळीला दुखरा गुडघा कसा सांपडतो?

अंगणांत खेळतांना मूल पडतें, गुडघा सुजतो, आणि डॉक्टरांनीं दिलेली गोळी पाण्याच्या घोटाबरोबर खालीं जाते. तासाभरानें ठणका उतरतो. यावर मुलें जो प्रश्न विचारतात तो बहुतेक घरांत सारखाच असतो : गोळी गेली पोटांत, मग ती गुडघ्याला कशी कळली? वडील माणसें "मोठा झालास म्हणजे कळेल" असें सांगून मोकळीं होतात. आमच्या मतें हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांत तो दोनशें वर्षें अनुत्तरित पडून होता. या काळांत पाद्र्यांनीं, वैद्यांनीं, रसायनशास्त्रज्ञांनीं आणि कारखानदारांनीं तें औषध दिलें, घेतलें आणि विकलें. तें शरीरांत काय करतें हें मात्र त्यांपैकीं एकासहि ठाऊक नव्हतें. १७६३ सालीं पडलेल्या या कोड्याचें उत्तर १९७१ सालीं मिळालें. दहा वर्षांच्या मुलाला समजावून देतां येईल इतकें तें सोपें आहे. आणि तें समजलें म्हणजे ही गोळी कोणास द्यावी व कोणास देऊं नये हेंहि पुष्कळसें उमगतें.

आधीं सूज म्हणजे काय तें पाहूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें तिचीं चार लक्षणें नमूद केलीं : लाली, फुगवटा, उष्णता आणि वेदना. आपल्याकडे सुश्रुतानें व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. ज्याला त्या ओळखतां येतात तोच वैद्य, असें म्हणून बाकीच्यांना त्यानें चोरांच्या पंक्तीला बसविलें आहे. गळूं कच्चें असतां कापूं नये, पिकल्यावर ठेवूं नये, हें अळशीचें पोटीस बांधणार्‍या आमच्या आज्यांनाहि ठाऊक होतें. परंतु सूज हा रोग आहे कीं रोगावरचा शरीराचा उपाय आहे, या प्रश्नाचा उलगडा व्हावयास एकोणिसावें शतक अर्धें उलटावें लागलें.

तो उलगडा एका कांट्यानें केला. १८८२ सालीं इल्या मेच्निकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेसिना येथें राहत होता. एके दिवशीं घरचीं माणसें सर्कशींतलीं शिकविलेलीं माकडें पाहण्यास गेलीं होतीं. हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशीं बसून तारामाशाच्या पिलांच्या पारदर्शक शरीरांत इकडेतिकडे फिरणार्‍या पेशी न्याहाळीत होता. एकाएकीं त्याच्या मनांत आलें कीं या फिरत्या पेशी प्राण्याच्या रक्षणासाठीं तर नसतील? तसें असेल तर कांटा टोंचल्यास त्या त्याच्याभोंवतीं गोळा व्हावयास पाहिजेत. घरापुढच्या बागेंतून त्यानें गुलाबाचे कांटे आणले आणि त्या पिलांच्या अंगांत खुपसले. रात्रभर त्याला झोंप आली नाहीं. पहांटे पाहतो तों कांट्याला पेशींचा गराडा पडला होता! सर्कशीला न जाण्याचें इतकें मोठें फळ दुसर्‍या कोणास मिळालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. १९०८ सालीं पॉल एर्लिख याच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

मुलाला हें सांगावयाचें तर तारामाशाच्या जागीं त्याचा स्वतःचा पाय घ्यावा आणि गुलाबाच्या जागीं बाभळीचा कांटा. कांटा मोडून आंत राहिला कीं जखमेजवळच्या पेशी हांका मारूं लागतात. त्या हांकेसरशीं आसपासच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त अधिक येतें, म्हणून जागा लाल व गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडून त्यांतलें पाणी पाझरतें, म्हणून ती फुगते. त्याच वाटेनें पांढर्‍या पेशी बाहेर पडून जंतूंना गिळतात. राहिली वेदना. तिचें काम राखणदाराचें आहे : या पायावर भार देऊं नकोस, या जागेला हात लावूं नकोस, असें ती बजावीत असते. सेल्ससचीं चार लक्षणें म्हणजे एकाच बंदोबस्ताचीं चार अंगें होत.

मग हा बंदोबस्त मोडावयाचा तरी कशासाठीं? कारण तो नेहमींच प्रमाणांत राहत नाहीं. कांटा निघाला तरी ठणका राहतो. आणि संधिवातासारख्या रोगांत तर कांटा नसतांनाच सांध्यांत फौज उतरते व ज्या घराच्या रक्षणास ती यावयाची त्याच घराची नासधूस करते. शत्रूपेक्षां छावणीचाच जाच अधिक झाला म्हणजे तिला आवर घालणें भाग पडतें.

हा आवर घालणारें औषध शास्त्रज्ञांच्या हातीं लागलें तें चुकीच्या तर्कानें. इंग्लंडांत ऑक्सफर्डशायरमधील चिपिंग नॉर्टन या गांवीं एडवर्ड स्टोन नांवाचा एक पाद्री होता. त्यानें एकदां विलो झाडाची साल सहज चाखून पाहिली आणि तिच्या कडवटपणानें तो चकित झाला. ज्याच्या लांकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात तें हें झाड. आपल्याकडे ओढ्याकांठीं वाढणारा वाळुंज त्याच कुळांतला. त्या काळीं हिंवतापावर पेरू देशाहून येणार्‍या सिंकोनाच्या सालीचा उपयोग करीत. ती महाग होती आणि तिची चवहि अशीच कडू होती. शिवाय विलो दलदलीच्या जागीं वाढतो, हिंवतापहि दलदलीच्याच जागीं होतो. तेव्हां जेथें रोग तेथेंच जवळपास देवानें त्याचा उपाय ठेविला असला पाहिजे, असें या भल्या माणसानें ठरविलें. त्यानें सुमारें शेर-अर्धा शेर साल गोळा केली, पिशवींत भरून पाववाल्याच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगाला तीन महिन्यांहून अधिक दिवस वाळविली, कुटून तिची पूड केली आणि आजार्‍यांस ती दर चार तासांनीं थोडीथोडी दिली. सुमारें पन्नास माणसांवर अनुभव घेतल्यावर २५ एप्रिल १७६३ रोजीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्र लिहिलें. तें छापून निघालें त्यांत त्याच्या नांवाचा एडमंड झाला; ही चूक पुढें कित्येक पुस्तकांत तशीच उतरत गेली.

स्टोनचें निरीक्षण खरें होतें, तर्क मात्र दोन्ही खोटे होते. कडू चव ही गुणाची खूण नव्हे. आणि विलोची साल हिंवतापाच्या जंतूंना मारीत नाहीं, ती नुसता ताप उतरविते. सिंकोनांतलें क्विनीन मात्र त्या जंतूंनाच मारतें. गंमत अशी कीं शंभरांहून अधिक वर्षांनीं, १८७६ सालीं, डंडी शहरच्या टॉमस मॅक्लॅगन या डॉक्टरानें याच धर्तीचा विचार केला : संधिवाताचा ताप ओलसर जागीं होतो, विलोहि तेथेंच वाढतो. त्यानें सालीचें सत्त्व आधीं स्वतः घेऊन पाहिलें, मग रोग्यांस दिलें. ताप उतरलाच, पण सुजलेले सांधेहि मोकळे झाले. तापाचें औषध सुजेचेंहि औषध आहे हें त्यामुळें लोकांच्या नजरेस आलें.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते. म्युनिकच्या बुखनरनें १८२८ सालीं सालींतून पिंवळसर कडू स्फटिक काढले व त्यांस सॅलिसिन हें नांव दिलें. दहा वर्षांनीं इटालियन पीरियानें त्यापासून सॅलिसिलिक आम्ल बनविलें. पुढें जर्मनींत कोल्बेच्या कृतीनें तें कारखान्यांत होऊं लागलें व झाडाची गरज संपली. औषध स्वस्त झालें खरें, परंतु संधिवाताचा रोगी तें रोज मोठ्या प्रमाणांत घेई आणि त्याचें पोट जळे, मळमळे, कानांत घंटा वाजूं लागत. तेव्हां या आम्लाला दुसरें कांहीं जोडून त्याची धार बोथट करावी असे प्रयत्न चालूं झाले.

येथें बायर कंपनीचा फेलिक्स हॉफमन हा तरुण पुढें येतो. १० ऑगस्ट १८९७ रोजीं त्यानें आपल्या वहींत नोंद केली कीं सॅलिसिलिक आम्लाला ॲसिटिल नांवाचा लहानसा तुकडा जोडून शुद्ध पदार्थ मिळाला आहे. त्याच्या वडिलांना संधिवात होता व जुनें औषध त्यांस सोसत नव्हतें, म्हणून मुलानें नवें शोधिलें, अशी गोड कथा प्रसिद्ध आहे. परंतु त्याच कारखान्यांतील आर्थर आयखेनग्र्यून यानें १९४९ सालीं लिहून ठेविलें कीं हें काम आपल्या सांगण्यावरून झालें होतें. हा ज्यू शास्त्रज्ञ नाझी राजवटींत टेरेझिनच्या छळछावणींत होता. जेथें ज्यू माणसाचें नांव घेणेंहि धोक्याचें, तेथें त्याच्या वाट्याचें श्रेय कोण बोलून दाखविणार? २००० सालीं वॉल्टर स्नीडर या इतिहासकारानें कागदपत्रें तपासून त्याच्या बाजूनें कौल दिला. कंपनीनें तो मानला नाहीं. आम्हांस आयखेनग्र्यूनचें म्हणणें टाकाऊ वाटत नाहीं. तें कसेंहि असो, १८९९ सालीं तो पदार्थ अ‍ॅस्पिरिन या नांवानें बाजारांत आला आणि घरोघरीं पोंचला.

आणि तरीहि मुलाचा प्रश्न होता तसाच होता. अ‍ॅस्पिरिन मेंदूवर काम करतें असें कोणी म्हणत, कोणी म्हणत सांध्यावर. एकच गोळी ताप उतरविते, डोकें थांबविते आणि सूजहि कमी करते, या तिन्ही गोष्टींचा धागा कोणास सांपडत नव्हता. बहात्तर वर्षें हा प्रकार चालला.

धागा सांपडला तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधील जॉन व्हेन याच्या प्रयोगशाळेंत. शरीरांतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नांवाचे पदार्थ अत्यंत अल्प प्रमाणांत बनवितात हें तोंवर कळलें होतें. स्वीडनच्या फॉन ऑयलरनें १९३५ च्या सुमारास हें नांव दिलें, कारण ते प्रोस्टेट ग्रंथींतून येतात अशी त्याची समजूत होती. पुढें ते जवळजवळ सगळ्याच अवयवांत आढळले, नांव मात्र चिकटलें तें चिकटलें. मघांशीं जखमेजवळच्या पेशी हांका मारतात असें आम्हीं म्हटलें. त्या हांकांपैकीं एक मोठी हांक म्हणजे हाच पदार्थ. तो रक्तवाहिन्या रुंद करतो, मज्जातंतूंचीं टोकें हळवीं करतो, आणि मेंदूंत गेला कीं शरीराच्या उष्णतेचा कांटा वर चढवितो. व्हेननें गिनिपिगच्या फुप्फुसाचा लगदा करून त्यांत हा पदार्थ तयार होऊं दिला आणि मग त्यांत अ‍ॅस्पिरिन घातलें. पदार्थ तयार होण्याचें मंदावलें. अ‍ॅस्पिरिन वाढवावें तसतसें तें अधिकच मंदावलें. जून १९७१ मध्यें हा निबंध प्रसिद्ध झाला. ताप, वेदना आणि सूज या तिन्हींचा धागा तो हाच. १९८२ सालचें नोबेल पारितोषिक व्हेनला बेर्गस्ट्रोम व सॅम्युएलसन या दोघां स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालें.

हें मुलांना सांगावयाचें तर दिवाळीच्या फराळाची आठवण करून द्यावी. शेवेचा सोर्‍या सर्वांनीं पाहिलेला असतो : एका बाजूनें पीठ भरावयाचें, दुसर्‍या बाजूनें शेव. पेशीच्या आवरणांत एक स्निग्ध आम्ल असतें, तें पीठ. पेशींत एक एन्झाइम असतें, तो सोर्‍या. त्याच्या पोटांत खरोखरच एक अरुंद बोळ आहे व त्यांतून हें आम्ल आंत शिरतें. बाहेर पडतें तें प्रोस्टाग्लँडिन, ती शेव. अ‍ॅस्पिरिन त्या बोळांत शिरून आपला ॲसिटिलचा तुकडा आंतल्या भिंतीला कायमचा चिकटवून टाकतें. पीठ आहे, सोर्‍या आहे, पण वाट बुजलेली; मग शेव कोठून पडणार? पोटाला सोसावा म्हणून जर्मन कारखान्यांत जो तुकडा जोडला तोच नेमका हें बूच ठरला, ही गोष्ट त्यांपैकीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती. नॉटिंगहॅमच्या स्ट्यूअर्ट अ‍ॅडम्स व त्याच्या सहकार्‍यांनीं शोधिलेलें आयब्यूप्रोफेन, जें १९६९ सालीं ब्रिटनमध्यें विक्रीस आलें, तेंहि याच बोळांत अडकतें. परंतु तें चिकटत नाहीं, कांहीं तासांनीं निसटतें, आणि सोर्‍या पुन्हा चालूं होतो. म्हणूनच त्याची गोळी दिवसांतून पुन्हा घ्यावी लागते. स्टिरॉइड म्हणून जीं औषधें आहेत त्यांची तर्‍हा निराळी. तीं सोर्‍यापर्यंत येतच नाहींत, पेशीच्या केंद्रांत जाऊन एकंदर स्वयंपाकाचाच बेत बदलतात. तीं अधिक जोरदार आणि म्हणूनच अधिक जपून द्यावयाचीं असतात.

आतां मूळ प्रश्न. गोळीला दुखरा गुडघा कसा सांपडतो? तर तो तिला सांपडत नाहीं. तिला गुडघा कोणता आणि कान कोणता हें मुळींच ठाऊक नसतें. ती पोटांत विरघळते, रक्तांत मिसळते आणि रक्ताबरोबर केसांच्या मुळांपासून पायाच्या नखापर्यंत सगळीकडे जाते. भेटेल तो सोर्‍या ती बंद करते. गुडघ्यांत त्या वेळीं शेव फार पडत होती, म्हणून फरक तेथें जाणवतो, इतकेंच.

आणि या एका गोष्टींतच या औषधांचे सारे अपाय सांठविलेले आहेत. कारण प्रोस्टाग्लँडिन कांहीं केवळ दुखण्यासाठीं नाहीं. जठराच्या आंतल्या बाजूस चिकट थर राखून तें आम्लापासून त्याचें रक्षण करतें. तो सोर्‍या बंद पडला कीं पोटाला जखम होते. गोळी उपाशीपोटीं घेऊं नये असें सांगतात तें यासाठीं. तरीहि जेवणानें धोका पुरता टळतो असें नव्हे, कारण हा घाव पुढें रक्ताच्या वाटेनेंहि येतो. रक्तांतल्या प्लेटलेट्स याच सोर्‍याच्या एका पदार्थानें एकमेकींस चिकटतात व रक्त गोठवितात. त्यांना केंद्र नसल्यामुळें नवा सोर्‍या करतां येत नाहीं; एकदां अ‍ॅस्पिरिन लागलें कीं आठ-दहा दिवसांच्या उरल्या आयुष्यांत त्या निकामीच. हृदयविकाराच्या रोग्यास थोडेंसें अ‍ॅस्पिरिन रोज देतात तें यावरच. आणि डेंग्यूचा संशय असतां अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्यूप्रोफेन देऊं नये म्हणतात तेंहि यावरच. पुढें असें आढळलें कीं सोर्‍ये दोन प्रकारचे आहेत : एक रोजच्या वापरांतला, दुसरा मुख्यत्वें सुजेच्या वेळीं मांडला जाणारा. दुसराच तेवढा बंद करावा म्हणून नवीं औषधें निघालीं. परंतु त्यांपैकीं रोफेकॉक्सिब हें गाजलेलें औषध हृदयविकाराचा धोका वाढवितें असें दिसून आल्यावर २००४ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें.

मूत्रपिंडांचें रक्षणहि काहीं अंशीं याच पदार्थाकडे आहे. म्हणून जुलाबवांत्यांनीं शरीर सुकलें असतां हीं औषधें घातक ठरतात. एका पक्ष्याच्या बाबतींत तर मूत्रपिंडांवरच्या आघातानें आपल्या देशांत अनर्थ घडविला. लंगडणार्‍या गुराढोरांना याच जातीचें डायक्लोफेनॅक देत. असें जनावर मेल्यावर गिधाडें त्याचें मांस खात, आणि थोड्याच दिवसांत त्यांचीं मूत्रपिंडें बंद पडून तीं मरत. १९९० नंतर पांढर्‍या पाठीचीं गिधाडें भारतांत शेंकडा नव्व्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. कारण उघडकीस आलें २००४ सालीं. जनावरांसाठीं हें औषध बनविण्यास भारत सरकारनें २००६ सालीं बंदी केली. मुंबईच्या मलबार हिलवर पारशी समाजाच्या दोखम्यांत गिधाडें उतरेनाशीं झालीं, त्यालाहि हेंच निमित्त.

मुलांच्या बाबतींत तर अधिकच सावधगिरी हवी. सिडनीच्या राय या डॉक्टरानें व त्याच्या सहकार्‍यांनीं १९६३ सालीं एका भयंकर विकाराचें वर्णन केलें : कांजिण्या किंवा फ्ल्यू यांतून बरें होत असलेलें मूल एकाएकीं वांत्या करूं लागतें, त्याचें यकृत बिघडतें, मेंदू सुजतो. अशा मुलांना पुष्कळदां तापासाठीं अ‍ॅस्पिरिन दिलेलें असे हें पुढें ध्यानांत आलें. अमेरिकेंत १९८० सालीं या विकाराचे ५५५ रुग्ण नोंदले गेले. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊं नका असा इशारा घरोघरीं पोंचल्यावर, १९८७ पासून पुढील दहा वर्षांत कोणत्याहि एका वर्षीं ते ३६ च्या वर गेले नाहींत. आज सोळा वर्षांखालील मुलास डॉक्टरांनीं विशेष कारणानें सांगितल्यावांचून अ‍ॅस्पिरिन देत नाहींत. आपल्याकडे सर्रास दिलें जाणारें निमेस्युलाइड बारा वर्षांखालील मुलांस देण्यास २०११ सालीं बंदी झाली. आजोबांच्या गुडघेदुखीची उरलेली गोळी अर्धी मोडून नातवाला देण्याची चाल आमच्या सुशिक्षित घरांतहि आहे. मुलाचें औषध त्याच्या वजनावर ठरतें आणि कोणतें द्यावयाचें हें दुखण्यावर ठरतें. मोडलेल्या गोळीला यांपैकीं कांहींच माहीत नसतें.

राहतां राहिलें पॅरासिटामॉल, जें मुलांच्या तापावर बहुधा पहिल्यानें दिलें जातें. पुष्कळ लोक त्यालाहि सुजेचें औषध समजतात; तें तसें नाहीं. तें ताप उतरवितें, वेदना कमी करतें, परंतु सुजलेल्या गुडघ्याच्या सुजेवर त्याचा फारसा उपयोग होत नाहीं, आणि योग्य प्रमाणांत दिलें असतां पोटालाहि तें फारसें बाधत नाहीं. प्रमाण ओलांडलें तर मात्र यकृताचा नाश करतें. १८९३ सालीं जर्मन डॉक्टर फॉन मेरिंग यानें रोग्यांवर त्याचे प्रयोग केले, आणि १९५० नंतरच्या दशकांत तें बाजारांत रुळलें. तें शरीरांत नेमकें कोठें व कसें काम करतें याविषयीं शास्त्रज्ञांत अजून एकमत झालेलें नाहीं.